समुद्राकाठी सायकल, सगळ्या घराला झेपेल अशी

हिवाळ्याच्या सुट्टीत सायकली घेऊन कुठे जायचं असा विषय आपण मागच्या अंकात काढला होता आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी समुद्राचीच. पुण्याला नद्या आहेत, धरणं आहेत, टेकड्या तर दारातच, पण समुद्र नाही, त्यामुळे सुट्टी म्हटली की पोरांच्या तोंडी तोच येतो. सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : आम्ही चौघं, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात. मुलगी दोन चाकांवर नीट चालवते पण चढ आला की उतरून रडते. समुद्राकाठी सपाट रस्ता असेल म्हणून आरे-वारे करायचं ठरवतोय, रत्नागिरी ते गणपतीपुळे. जमेल का? (एक आई, कोथरूड)

ताई, नका जाऊ हो, निदान या वर्षी तरी नका. आरे-वारेचा रस्ता फोटोत इतका सुंदर दिसतो की बघणाऱ्याला चढ लक्षातच येत नाही, आणि सुंदर आहेच तो, पण फोटो काढलेला असतो वरून, म्हणजे त्या जागी आधी चढून जावं लागतं ना. आम्ही आमच्या मुलीला ती नऊ वर्षांची असताना तिथे नेलं होतं, निम्मा रस्ता ती सायकल ढकलत होती आणि मागून येणाऱ्या गाड्या वळणावर हॉर्न देत होत्या, त्यानंतर चार महिने तिने सायकलला हात लावला नाही. ते मला अजून लागतं.

आपण पुण्याची माणसं समुद्र म्हणजे सपाट असं धरून चालतो, तिथेच गडबड होते. कोकणचा किनारा सपाट नाहीये. वर जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उंच पठारं आहेत, ती ठिकठिकाणी थेट समुद्रात उतरतात, आणि मध्ये मध्ये खाड्या. रस्ता एका गावातून दुसऱ्या गावात जातो तो बऱ्याचदा सड्यावर चढून आणि पुन्हा खाली उतरून. म्हणजे नकाशात निळ्या रेघेला चिकटून जाणारा रस्ता दिसला तरी पायाला घाटच लागतो. मग मुलांसाठी काय बघायचं, तर दोन खाड्यांच्या मधला असा तुकडा की जिथे गावं खाली वाळूच्या पट्ट्यावर वसलीत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि रस्ता त्या वाड्यांमधूनच जातो. वाडी आहे म्हणजे पाणी आहे, माती आहे, सावली आहे, आणि बहुतेक वेळा सपाटीही आहे. ही खूण मला फार उपयोगी पडली आहे.

असा सगळ्यात चांगला तुकडा पुण्याहून दीडशेएक किलोमीटरवर आहे, अलिबाग ते रेवदंडा. साधारण १७ किमी. अलिबागमधून खाडीचा पूल ओलांडला की अक्षी, मग नागाव, चौल आणि शेवटी रेवदंडा, सगळी गावं एकमेकांना चिकटून, त्यामुळे मुलीला कंटाळा आला की थांबायला दर दोन-तीन किलोमीटरवर काहीतरी मिळतंच. अक्षीचा शिलालेख मुलांना जरूर सांगा, शके ९३४ चा म्हणजे इसवी सन १०१२ चा, मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख मानतात त्याला. आपण जी भाषा घरात बोलतो ती हजार वर्षांपूर्वी या रस्त्यावर कुणीतरी दगडावर कोरली, हे सायकलवर असताना ऐकलेलं मुलं विसरत नाहीत. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या किल्ल्याची तटबंदी आहे, तिथे सायकली लावून आत फिरता येतं.

सात वर्षांच्या मुलीला १७ जाऊन १७ येणं जास्त होईल. एकाने गाडी घेऊन पुढे जायचं, रेवदंड्याला थांबायचं, बाकीच्यांनी सायकलने जायचं आणि येताना सायकली गाडीवर. तेही जास्त वाटलं तर अलिबाग ते नागाव करा, सातआठ किमी, पुढचं उद्या. आणि रेवदंड्याला थांबा म्हणजे थांबाच, कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लई, काशीदकडे गेलात की तोच सड्याचा खेळ सुरू होतो.

एक वाईट गोष्टही सांगते. रस्ता अरुंद आहे आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी भरतो. जमलं तर मधल्या वारी जा, नाहीतर सकाळी साडेसहालाच चाकं फिरली पाहिजेत, नऊ-साडेनऊपर्यंत आटपा. मुलगी आतल्या बाजूला, मोठं माणूस तिच्या मागे आणि किंचित रस्त्याच्या बाजूला, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी तुम्ही दिसता. पुढे मुलगा. एका ओळीतच.

सकाळी लवकर म्हणण्याला अजून एक कारण आहे, वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ते इथे पायांना कळतात. सकाळी जमिनीकडून हलका वारा असतो, तो सायकलला फारसा अडवत नाही, पण अकरा-बारानंतर समुद्राकडून वायव्येचा जोर धरतो, आणि रेवदंड्याहून अलिबागला येताना तुम्ही उत्तरेकडे येत असता म्हणजे तो वारा तोंडावरच. लहान मुलाला समोरचा वारा हा चढापेक्षा जास्त निराश करतो, कारण चढ दिसतो तरी, वारा दिसत नाही, आणि त्याला वाटतं आपलीच ताकद संपली.

प्रश्न : वाळूवरून सायकल चालवता येते असं ऐकलं. आम्ही गेलो तेव्हा चाकं रुतली. काय चुकलं? (पिंपळे सौदागर)

वेळ चुकली, दुसरं काही नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत कुठलीच साधी सायकल चालत नाही. ओहोटी लागल्यावर पाणी मागे सरकतं आणि जी ओली दाबलेली वाळू उघडी पडते ती कडक असते, तिच्यावर मुलांच्या सायकलीसुद्धा मस्त धावतात. नागावला, किंवा दापोलीजवळ मुरुड आणि कर्द्याला असा किनारा आहे. (मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव, आपण कर्वे रोडवरून रोज जातो म्हणून मुद्दाम सांगितलं.)

आता वेळ कशी काढायची. कोकणात जुन्या माणसांना विचारा, ते तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येतो ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, आणि तिच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला समुद्र भरलेला आणि ओहोटी भर दुपारी बाराला, उन्हात. ती तिथी मुलांना घेऊन जायला बिनकामाची. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, दुपारी दीडला भरती म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तृतीयेला सव्वाआठ. शिवाय पौर्णिमा-अमावस्येच्या लगेच नंतर पाणी सगळ्यात लांब मागे जातं, त्यामुळे पट्टाही रुंद मिळतो. म्हणून हॉटेल बुक करायच्या आधी कालनिर्णय बघा, पौर्णिमेनंतरची किंवा अमावस्येनंतरची द्वितीया-तृतीया कुठे पडते ते बघा, आणि त्या दिवसांची सहल ठरवा. हा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, त्यामुळे तिथे पोचल्यावर एखाद्या कोळी दादांना विचारून घ्याच.

ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी परत फिरलं की बाहेर पडायचं. खाडीच्या तोंडाकडे जायचं नाही, तिथली वाळू वरून कडक दिसते आणि आत मऊ असते. टायरमधली हवा थोडी कमी केली तर अजून सोपं जातं, फक्त परत रस्त्यावर येताना भरायला पंप जवळ हवा.

प्रश्न : माझं वय ६८. पुण्यात कॉलेजला सायकलनेच जायचो, तेव्हा सगळं पुणंच सायकलवर होतं. आता नातीबरोबर चालवायची इच्छा आहे पण गुडघे दुखतात. (एक आजोबा, सदाशिव पेठ)

आजोबा, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आधी डॉक्टरांना विचारा हे तर आहेच, पण ते हो म्हणाले तर पहिली गोष्ट म्हणजे सीटची उंची. आपल्याकडे वय झालं की सीट खाली करतात, पाय टेकावेत म्हणून, आणि त्यानेच गुडघ्यावर जास्त ताण येतो. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात अगदी थोडा बाक, एवढी उंची हवी. पाय टेकायची भीती वाटत असेल तर मधली दांडी खाली असलेली सायकल घ्या, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणायचो ती, चढणं-उतरणं सोपं आणि त्यात कमीपणा काही नाही. गिअर हलका ठेवा, पाय भरभर फिरले तरी चालतील पण जोर लावावा लागता कामा नये.

सराव रविवारी पहाटे करा. प्रभात रोड-भांडारकर रोडच्या गल्ल्या सहा ते साडेसातपर्यंत शांत असतात, झाडं आहेत, आणि दमलात तर घर लांब नाही. कॅम्पात रेसकोर्सच्या बाजूचे रुंद रस्तेही सकाळी चांगले. सायकल ट्रॅकवर फार भरवसा ठेवू नका, पुण्यात ते आहेत पण मध्येच संपतात, कुठे गाड्या लावलेल्या असतात, कुठे पेव्हर ब्लॉक उचकटलेत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुचाकी समोरून येतात. ज्या शहराची ओळखच सायकलचं शहर अशी होती तिथे नातीला सुरक्षित दोन किलोमीटर मिळू नयेत याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि हे मी दरवर्षी लिहीत राहणार.

दोघं मिळून एकदा कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल म्युझियममध्ये जा. तुमच्या काळातल्या सायकली बघून तुम्हीच तिला दोन तास गोष्टी सांगत बसाल.

समुद्राचं म्हणाल तर तुमच्यासाठी रत्नागिरीचं भाट्ये सुचवते. रत्नागिरी शहर उतारावर आहे, मारुती मंदिरापासून खाली मांडवीला येताना मजा वाटते पण परत जाणं गुडघ्यांचं काम नाही. म्हणून मुक्काम खालीच, किनाऱ्याजवळ घ्या. भाट्याचा पूल ओलांडला की सुरूचं बन आणि त्याच्या कडेने सपाट रस्ता, छोटासाच आहे, पण नातीबरोबर दोनदा जाऊन यायला पुरतो. त्याच्या पुढे पावसकडे जाणारा रस्ता गोळपला वर चढतो, तिकडे सायकल नको, पावसला गाडीने जा.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी आहे. तोल सांभाळता येत नाही, तीनचाकी चालवते. तिला समुद्राकाठी सायकल चालवायची आहे. असं ठिकाण आहे का? (औंध)

आहे, पण ठिकाणाच्या आधी तीनचाकीबद्दल बोलू, कारण दोन चाकांच्या माणसाला जो रस्ता चांगला वाटतो तो तीनचाकीला चांगला असेलच असं नाही. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, दोन चाकांवर ते जाणवत नाही, तीनचाकी मात्र कडेच्या बाजूला कलते आणि सारखी तिकडेच ओढली जाते, मुलीचा एक हात दुखून येतो. म्हणून खूप अरुंद, कडेला घसरणारा रस्ता टाळायचा. वळताना वेग कमी, अगदी चालण्याइतका. दोन चाकांवर आपण वळणात आत झुकतो, तीनचाकी झुकत नाही, ती उलट वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलंडायला बघते. आणि जिथे जाणार तिथल्या फाटकांची, अडवायला लावलेल्या खांबांमधली रुंदी आधी फोन करून विचारा, मागच्या दोन चाकांमधलं अंतर घरी टेपने मोजून ठेवा. बऱ्याच बागांना दुचाकी आत येऊ नयेत म्हणून खांब लावतात आणि त्यात नेमकी तीनचाकी आणि व्हीलचेअर अडकते.

या हिशोबाने मला पणजी बरी वाटते. लांब आहे, पुण्याहून साडेचारशे किलोमीटर, पण गोव्याला तर तुम्ही तसेही जात असाल. कांपालपासून मिरामारपर्यंत मांडवी नदीच्या काठाने सपाटी आहे, आणि सकाळी लवकर गर्दी नसते. त्याहून चांगलं म्हणजे दिवाडी बेट. रायबंदरहून फेरीबोटीत सायकल चढवायची, काही मिनिटांत पलीकडे. बोटीत चढताना तीनचाकी उतारावरून जाते, तिथे मागून धरायला मोठं माणूस हवंच. पलीकडे खाजन शेतीतून, म्हणजे बांध घालून केलेल्या खाडीकाठच्या सखल शेतांतून जाणारा सपाट रस्ता, दोन्ही बाजूला पाणी आणि बगळे, गाड्या अगदी तुरळक. बेटाच्या मध्यावर पिएदादच्या चर्चकडे चढ आहे, तो सोडून द्या, खालच्या रस्त्यावरच रमा. बोटीचं म्हणाल तर मुलांना तीच सायकलपेक्षा जास्त आवडते, आणि त्यात काही वाईट नाही.

पायाला पट्टे असलेली पेडल आणि पाठीला आधार असलेली सीट असेल तर तुमच्या फिजिओथेरपिस्टना दाखवूनच प्रवासाला निघा, उतार-चढावात पाय सुटला तर काय करायचं याचा सराव घरासमोर करून घ्या.

याच विषयावर अजून एक पत्र आहे, दृष्टी नसलेल्या भावाबरोबर सायकल चालवायची इच्छा असलेल्या एका दादांचं. दादा, तुमच्यासाठी टँडेम, म्हणजे दोघांची सायकल. पुढचा बघतो आणि वळवतो, मागचा फक्त पेडल मारतो, पण पुढच्याने सतत बोलत राहायला हवं, खड्डा, ब्रेक, डावीकडे, आता थांबतोय. पुण्यातच ॲडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरियर्स फाउंडेशन ही संस्था आहे, दिव्यांशू गणात्रा यांनी सुरू केलेली, त्यांना स्वतःला दिसत नाही आणि मनालीहून खारदुंगलापर्यंत टँडेमवर मोहिमा त्यांनी नेल्यात. आधी त्यांच्याशी बोला.

प्रश्न : सायकली न्यायच्या कशा? आमची गाडी छोटी आहे. (दोन-तीन जणांचा प्रश्न)

मुलांच्या सायकलींची पुढची चाकं काढली, सीट खाली केली की मागची सीट पाडून दोन बसतात. मोठ्यांच्या सायकलींसाठी मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचं कॅरियर मिळतं, त्याने नंबरप्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत ना ते बघा, आणि पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे परत आवळा, ते सैल होतातच. रेल्वेत सायकल लगेज म्हणून बुक करता येते, स्टेशनवर बराच वेळ आधी जावं लागतं. मुंबईत नातेवाईक असतील तर एक छान मार्ग आहे, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट, २०२० पासून चालू आहे, तासाभरात सायकलीसकट पलीकडे. मांडवा ते अलिबाग साधारण वीस किमी, तो मोठ्या मुलांनाच.

आणि गावात सराव करायला जाताना मेट्रो विसरू नका. पुणे मेट्रोत सायकल नेता येते, मार्च २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून, लिफ्टही आहेत. गर्दीची वेळ टाळून वनाजहून डेक्कनकडे या, सायकली लिफ्टने खाली उतरवा, मुलांना तेवढ्यानेच प्रवासाला निघाल्यासारखं वाटतं.

प्रश्न : पावसाळ्यात ऑगस्टमध्ये गेलो तर? हिरवंगार असतं.

मुलांबरोबर नको. रस्त्यावर शेवाळ, समुद्र खवळलेला, वाळूवर उतरायचा प्रश्नच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

प्रश्न : मागच्या वर्षी समुद्रावरून आलो आणि महिन्याभरात चेन गंजून गेली. दुकानदार म्हणाला नवीनच घाला. (धनकवडी)

खारं पाणी आणि बारीक वाळू, दोन्ही मिळून चेनची वाट लावतात. समुद्राच्या पाण्यातून मजा म्हणून सायकल नेतात ना पोरं, ते पहिलं बंद करा. मुक्कामी आलं की बादलीभर गोड्या पाण्याने सायकल हळू धुवायची, पाइपाचा जोराचा फवारा नको, त्याने पाणी आणि वाळू बेअरिंगमध्ये आत जाते. मग जुन्या बनियनने कोरडी पुसायची, चेन उलटी फिरवत फडक्यातून काढायची, आणि चेनचं तेल प्रत्येक कडीवर थेंब थेंब, जास्तीचं पुसून टाकायचं. खोबरेल लावू नका, कोकणातल्या घरी सहज हाताशी असतं म्हणून लावतात, पण ते चिकटतं आणि वाळू धरून ठेवतं. ब्रेकची वायर, सीटची दांडी आणि चाकाचे नट हेही पुसा, गंज तिथून सुरू होतो. आणि हे सगळं त्याच संध्याकाळी करायचं, आंघोळीच्या आधी, मुलांना बरोबर घेऊन. पुण्याला परत आल्यावर करू म्हणाल तर तोपर्यंत उशीर झालेला असतो.